मास्क नाकाखाली बसला पाहिजे

या, अशा पुढे या. आणि तो मोबाईल आधी पिशवीत टाका बघू. दुकानात यायचं आणि मलाच मोबाईलमधला फोटो दाखवून विचारायचं, "भाभी, सेम हा मास्क आहे का? इथं स्वस्त मिळतोय," ही कुठली रीत झाली? मिळतोय तर घ्या की तिथून. मग नाकावर लाल वळ घेऊन, डोळे चोळत माझ्याकडेच यायचं आणि म्हणायचं, "भाभी, यात पाणी येतं हो." येणारच. तोंड तुमचं, फोटो दुसऱ्याच्या तोंडाचा.

रागावले नाही हो. दमले आहे. तेच तेच सांगून जीभ दमली, उठबस करून गुडघे दमले. म्हणून दिवाळी अंकवाल्यांनी "तुमच्या धंद्याबद्दल लिहा" म्हटलं तेव्हा आधी नको म्हणाले, मग विचार केला, एकदा लिहून टाकावं. पुढच्या गिऱ्हाइकाला अंकच हातात देईन आणि मी जरा टेकीन.

आमचं दुकान घोडेगावच्या बाजारपेठेत. मोटारी, पाइप, फुटवॉल, दोर, नटबोल्ट. आम्ही मूळचे मारवाडातले जैन, पण ते कधीच्या काळी. आता राजस्थानात गेलं तर तिथले लोक आमची मराठी ऐकून हसतात. मालक गेले तेव्हापासून मी गल्ल्यावर बसते. शाळा थोडकीच झाली, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. सगळा तालुका मला भाभी म्हणतो. माझ्यापेक्षा म्हातारे आहेत तेही भाभीच म्हणतात.

आता गंमत बघा. समुद्र इथून घाट उतरून पार तिकडे. मी स्वतः घोट्याच्या वर पाण्यात कधी गेलेली नाही, पोहायचं नाव नको. आणि विकते काय, तर पाण्याखाली श्वास घ्यायचं सामान. लोक हसतात. मीही हसते.

पण त्याला कारण आहे. डिंभे धरणाचं पाणी वर डोंगरापर्यंत पसरलंय. काठावरच्या गावांनी त्यात मोटारी टाकल्या. पाइपच्या खालच्या तोंडाला एक जाळीची झडप असते, तिला आम्ही फुटवॉल म्हणतो. ती पाणी वर जाऊ देते, परत खाली येऊ देत नाही. तिच्यात शेवाळ, चिंध्या, तुटलेल्या जाळ्याचे दोरे अडकले की मोटार नुसती घों घों करते आणि शेतात थेंब येत नाही. मग कोणीतरी खाली उतरून हातानं ती साफ करायची. हे "कोणीतरी" म्हणजे डोंगरातली माणसं. तळेघरच्या बाजूची, भात-नाचणी करणारी. छाती भरून श्वास घ्यायचा, तोंड मिटायचं आणि खाली. त्यांच्यात नावाजलेला म्हणजे भिवाबाबा. त्यांचं पुढे येईलच.

एकदा एका गावाची मोठी मोटार तराफ्यासकट बुडाली. ती काढायला कोकणातून डायव्हिंग शिकवणारे एक मास्तर बोलावले. ते माझ्याकडे आले ओ-रिंग शोधत. ओ-रिंग म्हणजे रबराचं कडं, हवा-पाणी गळू नये म्हणून घालतात. मी डबाच पुढे केला. त्यांनी एकेक उचलून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, या पाण्याच्या पंपाच्या. माझ्या सिलिंडरच्या दाबाला टिकणार नाहीत. पण मागवून द्याल का?" मी दिल्या मागवून. चहा पिता पिता त्यांनी सगळं सामान काउंटरवर मांडलं, आणि मी लहान मुलासारखी एकेक वस्तू उचलून विचारत बसले. हे काय, ते कशाला, हे बिघडलं तर काय. तिथून सुरुवात झाली. पुढे इंग्रजी कॅटलॉग एकेक अक्षर लावून वाचले. अडलं की मास्तरांना फोन.

तर नवीन माणसानं काय घ्यावं? ऐका. नवीन माणूस आला की पहिला हात हवेच्या सिलिंडरला लावतो. तो नका लावू. सिलिंडर भाड्यानं मिळतो, आणि तो भरायला वेगळा कॉम्प्रेसर लागतो, स्वच्छ हवेचा. पंक्चरवाल्याच्या हवेनं तो भरत नाहीत. तुम्ही आधी मास्क घ्या. कारण बाकीचं सामान कुणाचंही चालेल, तोंड मात्र ज्याचं त्याचं.

मास्क कसा बघायचा? पट्टा मागे सोडून द्या. केस बाजूला करा. मास्क नुसता तोंडाला टेकवा, नाकानं हळूच श्वास आत ओढा आणि हात काढा. चिकटून राहिला तर तुमचा. खाली पडला तर दुसरा बघा. पट्टा आवळून काही होत नाही, उलट कड मुडपते आणि पाणी येतं. रंग सगळ्यात शेवटी. पुण्याहून एक नवराबायको आले होते, दोघांना जांभळाच पाहिजे. बाईला छान बसला. साहेबांच्या तोंडावरून पाच वेळा पडला. मी काळा दिला, तो बसला. बाई म्हणाली, "पण फोटोत मॅचिंग नाही दिसणार." मी म्हटलं, "बाई, फोटोत नवरा दिसला म्हणजे झालं की."

मग पायातले फिन, बदकाच्या पंजासारखे. बुटासकट घालून बघायचे. टाच सुटायला नको, बोटं दबायला नकोत. मग अंगातला सूट, तो घट्टच असतो, पण मान वळली पाहिजे. धरणाचं पाणी खाली गार असतं, आणि माणूस कुडकुडला की हवा भराभर संपवतो. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरातली दाबाची हवा तोंडाला झेपेल अशी करून देणारी तोटी. आणि फुगणारं जाकीट, वरखाली व्हायला. ही दोन्ही मी नवीन माणसाला विकतच नाही. आधी शिकून या, दाखला आणा, भाड्याचं वापरून बघा, मग बोलू. माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो, तो म्हणतो, "आई, तू गिऱ्हाईक परत पाठवतेस, मग दुकान कशाला उघडतेस?" काय सांगायचं त्याला.

एकेक नमुने येतात. पिंपरी पेंढारचे एक टोमॅटोवाले आले, त्या वर्षी भाव चांगला लागला होता. "भाभी, सगळ्यात भारी काय आसंल ते बांधा." मी विचारलं, पोहता येतं? "शिकू की नंतर." त्यांना पोहायला शिका म्हणून हाकललं, तर जाताना पाइप घेऊन गेले.

डिंगोऱ्याचे एक पाव्हणे तर डोकंच लढवून आले होते. म्हणाले, "भाभी, निस्ता मास्क द्या. हवेचं मी जमवलंय. फवारणीच्या गाड्याचा कॉम्प्रेसर हाय घरी. नळी तोंडात धरायची, भावाला वर इंजिन चालू ठिवायला सांगायचं. इहिरीत उतरतो."

मी म्हटलं, "भाऊ, त्या गाड्यानं काय फवारता?"

"दराक्षावर औषध."

"आणि इंजिनाचा धूर कुठे जातो?"

"इहिरीच्या तोंडाशीच उभं करणार, तवा..." आणि त्यांनी टोपी सरकवून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "घरी जाऊन मंडळीला इचारतो."

"विचारा. आणि मी काय म्हणाले तेही सांगा."

कोणी मासे मारायचा भाला मागतो. तो आमच्याकडे मिळत नाही. गळ नाही, जाळं नाही. आमच्या घरात ते कधी विकलं नाही, मी सुरू करणार नाही. दसऱ्याला सगळ्या हत्यारांबरोबर डायव्हिंगचं सामानही पूजतात. पूजावं, पण रेग्युलेटरच्या तोंडात हळदकुंकू कशाला? दसऱ्यानंतर माझा आठवडा कुंकू धुण्यात जातो. आणि रबराला खोबरेल चोळतात, मऊ राहावं म्हणून. तेलानं मास्क तोंडावर टिकत नाही हो. किती सांगायचं.

आता भिवाबाबांच्या घरची गोष्ट सांगते. खरं तर तीच सांगायची होती. बाकी सगळं बोलता बोलता आलं.

भिवाबाबा आयुष्यभर दम कोंडून पाण्यात गेले. त्यात त्यांचा एक कान पुरता गेला, दुसऱ्यानं ऐकायचं तर समोरच्यानं ओरडायचं. ते थकले तेव्हा मुलगा संतोष उतरायला लागला, तसाच, दम कोंडून. मग शेजारच्या वाडीतला एक गडी खाली जुन्या जाळ्यात अडकला आणि वर आला नाही. संतोषच्या बायकोनं, मनीषानं, त्या दिवशी घरात सांगून टाकलं: सामान घेऊन जायचं, नाहीतर पाण्यात जाणं बंद. संतोष समजूतदार. मास्तरांकडे कोकणात जाऊन शिकून आला, दाखला आणला, मास्क सोडून बाकीचं सामान भाड्यानं आणलं. आणि एका दुपारी दोघं दुकानात आले. ती पुढे, तो मागे.

"भाभी, यांना मास्क द्या. चांगला बसंल आसा," मनीषा म्हणाली. "शिकताना तिथला बसत नव्हता. डोळं लाल करून आलं घरी."

मी एक दिला. पडला. दुसरा दिला. पडला. रुंद कडेचा, बारीक कडेचा, लहान, मोठा. एकही टिकेना. मग मी चष्मा लावून नीट पाहिलं. संतोषची मिशी मोठी देखणी. दाट, नाकाला भिडलेली, दोन्ही बाजूंनी खाली वळवलेली. मास्कची कड नाकाखाली जिथे कातडीला चिकटायला पाहिजे, तिथे ती केसांवर बसत होती. केसांतून हवा येते, तसंच पाणी येणार.

"संतोष, मिशी," मी म्हटलं.

त्यानं मास्क काउंटरवर ठेवला. "भाभी, बाप हाय माझा."

शहरातल्या वाचकांना हे सांगायला हवं. आमच्याकडे बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो. बाप असताना उतरवली तर रस्त्यात माणसं थांबून विचारतात, कधी गेले? बापाच्या जिवाला ते बरं नाही असं मानतात. हसू नका. मी यात जन्म काढलाय, मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

मी म्हटलं, "सगळी नको काढू. मास्तर सांगतात, नाकाखालची बोटभर पट्टी फक्त. खालची मिशी राहते."

"बोटभर काय न् सगळी काय, वस्तारा लागला म्हंजी लागला. आलं थोडं पाणी तर नाकानं फुकून काढीन. तिथं काढतच व्हतो."

"तिथं मास्तर शेजारी होते. इथं तुझे दोन्ही हात फुटवॉलमध्ये असणार, पाणी गढूळ, आणि नाकात पाणी गेलं की तू काय करशील?"

मला माहीत होतं काय करील ते, त्यालाही माहीत होतं. सिलिंडर घेऊन उतरलं की पहिला नियम, श्वास कधी कोंडायचा नाही. दाबाची हवा छातीत कोंडून माणूस झटक्यानं वर आला तर फुप्फुस फाटतं. आणि या घरात दोन पिढ्या शिकल्या काय, तर श्वास कोंडायला. घाबरला की हा तेच करणार. दम कोंडून वर उसळी.

मनीषानं ओळखलं. तिचा आवाज चढला. "सांगा की भाभीला, काय कराल ते. तुमी ऱ्हायला न्हाई आन मिशी ऱ्हायली, तर मी त्या मिशीच्या नावानं कुंकू लावू व्हय?"

"हळू बोल. दुकान हाय."

"दुकानातच बोलते. घरी तुमी ऐकत न्हाई."

मी मास्क आवरायला घेतले. "गळका मास्क मी विकत नाही, बाबा."

"नका इकू," तो म्हणाला. "गावाची मोटार बंद पडलीया. कांदं वाळायला लागलं. आज तिथंच वस्तीला ऱ्हातो, उद्या सकाळी दोर बांधतो कमरंला आन जातो आपला, आबा जात व्हते तसा." आणि निघून गेला. मनीषा त्याच्या मागे गेली नाही. ती सरळ वर, घराकडे जाणाऱ्या गाडीकडे गेली. गाड्या मोजक्याच, ही चुकली तर चालत जावं लागलं असतं. ती पळाली.

सकाळी मी दुकान उघडायला आले तर पायरीवर भिवाबाबा बसलेले. डोक्याला टॉवेल, हातात काठी. शेजारी मनीषा. दुधाच्या गाडीत बसून आले होते. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून पोरीनं त्यांना उचलूनच आणलं.

"शेठाणी," बाबा मोठ्यानं म्हणाले, "ती काच दाखवा."

मी मास्क दिला. त्यांनी तो उलटसुलट केला, तोंडाला लावला, श्वास ओढला. त्यांनाही पांढरी मिशी. मास्क पडला. मी ओरडून सगळं समजावलं, नाक, केस, पाणी, दम. समोरचा सलूनवाला शटर अर्धं उघडून ऐकत उभा राहिला. बाबा फक्त मान हलवत होते. दम कोंडायचा नाही म्हटल्यावर एकदम हसले. "कोंडायचा न्हाई? आन मग पाण्यात जायाचं कशाला?"

तेवढ्यात संतोष आला. दोर घ्यायलाच आला होता. बापाला पाहून जागीच थांबला.

"आबा, तुमी हितं?"

"मी मेलो का रं?" बाबांनी विचारलं. सगळ्या बाजारपेठेला ऐकू गेलं.

"आसं काय बोलता, आबा."

"इचारतोय. मेलो का?"

"न्हाई."

"मग कुणाला वाटतंय मी मेलो? त्याला माझ्याकडं लाव, मी सांगतो त्याला. माझा एक कान त्या पाण्यानं घेतला. तवा ही असली काच कुणी दिली न्हाई. तुला देत्यात तर मिशी आडवी येती व्हय? बस हितं."

"आबा, लोक नावं ठिवतील."

"ठिवू द्या. मला ऐकू येत न्हाई."

सलूनवाला वस्तारा घेऊन आला. नवीन ब्लेड घातलं आणि पुढे झाला. बाबांनी हात पुढे केला. "आण हिकडं."

"बाबा, हे माझं काम हाय. कापलं-बिपलं तर?"

"तुजं काम उतरवायचं. ह्ये उतरवणं न्हाई. ह्ये मी करायचं."

संतोष माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला. बापानं एका हातानं त्याचं नाक वर धरलं आणि दुसऱ्या हातानं नाकाखालची पट्टी काढली.  मनीषा पदर तोंडाशी धरून उभी होती. केस पायरीवर पडले ते बाबांनी स्वतः वेचले.

"कुणी इचारलं तर सांग," ते म्हणाले, "जित्या बापानं केलंय. त्यानंच हातानं केलंय."

सलूनवाल्यानं मान तिरकी करून पाहिलं. "बांध ऱ्हायला, वरचं गवत गेलं," म्हणाला. सगळे हसले. संतोषही हसला, तेव्हा मला बरं वाटलं.

मी मास्क दिला. पट्टा मागे लोंबत होता. त्यानं श्वास ओढला, हात काढले. मास्क राहिला. मनीषानं पुढे होऊन ओढून पाहिला. जोर करावा लागला तिला.

त्या दिवशी तो मास्तरांच्या दुसऱ्या एका शिष्याला जोडीला घेऊन उतरला. मी दुकानातच होते, फुटवॉल विकत होते, आणि काय विकते याच्याकडे लक्ष नव्हतं. दुपारी मनीषाचा फोन आला. "भाभी, वर आलं. मोटार लागली." मग म्हणाली, "यांचं डोळं कोरडं हाईत. माझंच वलं झालं."

त्यानंतर बाजाराच्या दिवशी भिवाबाबा खाली यायचे, पायरीवर मुलाला बसवायचे आणि वाढलेली पट्टी काढायचे. सलूनवाला खोटं खोटं भांडायचा. गावातले कोणी काही बोललेच नाहीत. बोलले असतील, तर बाबांच्या बहिऱ्या कानाच्या बाजूनं.

गेल्या थंडीत बाबा गेले. झोपेतच. दिवस-कार्य आटोपल्यावर संतोष एका सकाळी दुकानात आला. मास्कचा पट्टा तुटला होता. ओठावर काहीच नव्हतं. त्या चेहऱ्यात मला एकदम बाबांची हनुवटी दिसली, इतके दिवस नजर मिशीवरच थांबायची.

मी पट्टा बदलला आणि सवयीनं म्हटलं, "लावून बघ." त्यानं लावला, श्वास ओढला, हात खाली सोडले. मास्क असा बसला की जणू चेहराच. पूर्वी पट्टी काढूनही कडेनं एखादा थेंब यायचा, तो काढत राहायचा. आता तेही होणार नाही.

त्यानं मास्क काढला आणि नवा पट्टा बोटानं सरळ केला.

"आता थेंब बी यायचा न्हाई, भाभी," म्हणाला. "आता मिशी ठिवली तरी चालती, काढली तरी चालती. इचारणारं कोन न्हाई."

मी मास्क पुसून पिशवीत घातला. तो गेला कामाला. अजून जातो. जोडीदार घेऊन जातो, श्वास कोंडत नाही, संध्याकाळी घरी येतो. मनीषा अजून वर आल्याचा फोन करते. मीही वाट बघते त्याची.

तर हे असं आहे. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, मुलगा दुकान बंद कर म्हणतो, मी आज-उद्या करते. तुम्हाला पाण्यात जायचं असेल तर मोबाईलवरून मागवू नका. इथं या. बसून एकेक मास्क लावून बघू, घाई नाही. घ्यायचं नसेल तरी या, चहा होईल. वडील असतील तर त्यांनाही घेऊन या. आणि लवकर या.